पिन कोणाच्या कामाची? एम्बेडेड लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये पिनांची कामे नेमून देण्याची पद्धत

एम्बेडेड लिनक्सवर पहिल्यांदाच ड्रायव्हर लिहिणारा माणूस बहुधा सी भाषेत अडत नाही, कर्नलच्या रचनेतही अडत नाही. ड्रायव्हर विनातक्रार कंपाइल होतो, बोर्डावर लोड होतो, लॉगमध्ये एकही चूक दिसत नाही आणि तरीही तारेवर एक बिटसुद्धा उमटत नाही. अशा वेळी पहिला संशय पिनांवर घ्यावा. रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या सेटिंगच्या कप्प्यात, चुकीचा आकडा लिहिला तरी लिहिण्याची क्रिया यशस्वीच होते. या पिनवर, म्हणजे चिपच्या या पायावर, आपल्याला नेमके काय हवे होते, हे चिपला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. पिनची चूक स्वतःहून कधीच बोलत नाही, तिला आपणच विचारावे लागते. म्हणून पुढे प्रत्येक पायरीबरोबर ती तपासायची कशी, हेही सांगितले आहे आणि नवशिक्यांनी ती तपासणी टाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उदाहरणासाठी ब्रॉडकॉमची बीसीएम२८३५ ही चिप घेतली आहे. रास्पबेरी पायच्या पहिल्या पिढीत हीच चिप होती आणि तिसऱ्या पिढीपर्यंतच्या चिपांमध्ये पिनांचा विभाग याच घडणीचा राहिला. चौथ्या पिढीत पुल-अपची (पिनला वरच्या पातळीकडे ओढून ठेवणाऱ्या रेझिस्टरची) रजिस्टरे बदलली, तर पाचव्या पिढीत बोर्डावरच्या पिना आरपी१ या वेगळ्याच चिपकडे गेल्या, त्यामुळे इथले आकडे त्या बोर्डाला लावू नयेत. ही चिप निवडण्याचे कारण असे की तिची माहितीपुस्तिका सर्वांसाठी खुली आहे आणि तिचा लिनक्समधला पिन ड्रायव्हर नवशिक्याला एका बैठकीत वाचता येण्याजोगा आहे. प्रॉपर्टी आणि फंक्शनांची नावे या लेखात उच्चारानुसार लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती कर्नलच्या बाइंडिंग दस्तऐवजात (कोणत्या प्रॉपर्टी कशा लिहायच्या, हे सांगणाऱ्या दस्तऐवजात) जशी दिली आहेत तशीच लिहावीत.

एक पिन, तीन वेगळे प्रश्न

चिपच्या पोटात जितकी उपकरणे असतात, त्या सर्वांना स्वतंत्र पाय देता येत नाहीत. म्हणून प्रत्येक पायामागे एक निवड-स्विच असतो आणि तोच पाय कधी यूएआरटीचा (एकेक बिट ओळीने पाठवणाऱ्या सिरीयल पोर्टचा), कधी एसपीआयचा (चिपांना जोडणाऱ्या एका बसचा), तर कधी साधा इनपुट-आउटपुट म्हणून वापरता येतो. बीसीएम२८३५ मध्ये अशा ५४ पिना आहेत आणि प्रत्येकीपुढे ८ पर्याय आहेत: इनपुट, आउटपुट आणि ऑल्ट-० ते ऑल्ट-५ अशी ६ पर्यायी कामे. १४ क्रमांकाच्या पिनवर ऑल्ट-० निवडले तर पीएल०११ या पूर्ण यूएआरटीचा ट्रान्समिट सिग्नल येतो आणि ऑल्ट-५ निवडले तर मिनी यूएआरटीचा येतो. शेजारच्या १५ क्रमांकावर याच दोघांचे रिसीव्ह सिग्नल याच क्रमाने मिळतात. एकाच जोडीवर दोन वेगवेगळी यूएआरटी येऊ शकतात, ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढची निम्मी फजिती तिच्यातूनच होते.

नवशिक्यांच्या मनात इथे तीन प्रश्नांची सरमिसळ होते. पिन कोणत्या उपकरणाला जोडायची, हा पहिला प्रश्न. तिचे विद्युत वर्तन कसे ठेवायचे, म्हणजे पुल-अप लावायचा की पुल-डाउन आणि ती किती प्रवाह देणार, हा दुसरा. ती साधी जीपीआयओ (इनपुट-आउटपुट पिन) असेल तर तिच्यावर आत्ता शून्य आहे की एक, हा तिसरा. लिनक्सनेही हेच तीन भाग वेगळे ठेवले आहेत: पिनमक्स, पिनकॉन्फ आणि जीपीआयओ. कोडमध्ये काही बिघडले तर आपला प्रश्न या तिघांपैकी कोणता, हे आधी ठरवावे. शोध बराच आखूड होतो.

पहिली पायरी: कोडच्या आधी तक्ता

संगणकाला हात लावण्यापूर्वी कागदावर एक तक्ता करावा. त्यात सर्किटच्या आराखड्यातले सिग्नलचे नाव, बोर्डाच्या कनेक्टरवरची जागा, चिपच्या दृष्टीने पिनचा क्रमांक, निवडायचे काम आणि दिशा एवढ्या गोष्टी असाव्यात. कनेक्टरवरची जागा आणि चिपचा क्रमांक हे दोन वेगळे आकडे आहेत. रास्पबेरी पायच्या ४० पिनांच्या कनेक्टरवर आठव्या जागेला चिपची १४ क्रमांकाची पिन येते आणि दहाव्या जागेला १५ क्रमांकाची. सॉफ्टवेअरमध्ये नेहमी चिपचा क्रमांक लिहायचा असतो आणि तार मात्र कनेक्टरच्या जागेवर लावायची असते. हे दोन आकडे एकाच रकान्यात लिहिणाऱ्याचा घोटाळा आज नाही तर उद्या होतोच.

तक्ता भरताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. आपण निवडलेली पिन बोर्डावर दुसऱ्या कोणाला आधीच दिलेली नाही ना, ही पहिली. आपल्याला हवे असलेले उपकरण दुसऱ्या एखाद्या पिनवर आधीच बाहेर काढलेले नाही ना, ही दुसरी, आणि ती हमखास निसटते. पीएल०११ चेच ट्रान्समिट आणि रिसीव्ह ३२ व ३३ या पिनांवरही ऑल्ट-३ निवडून मिळतात, आणि तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ही जोडी ब्लूटूथसाठी वापरलेली असते. एकच रिसीव्ह सिग्नल दोन ठिकाणांहून आत घेतला तर कोणत्या ठिकाणचे ऐकले जाईल, याचा भरवसा धरता येत नाही. अशा वेळी एका जागेची जोडणी स्पष्टपणे बंद करूनच दुसरी सुरू करावी.

दुसरी पायरी: एकदा हाताने गणित

पुढे हे आकडे आपण स्वतः रजिस्टरमध्ये लिहिणार नाही. तरीही हे गणित एकदा हाताने करावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण तपासणीच्या वेळी रजिस्टर वाचून त्याचा अर्थ लावता आला पाहिजे.

या चिपमध्ये प्रत्येक पिनच्या निवडीसाठी ३ बिट आहेत आणि एका ३२ बिटांच्या रजिस्टरमध्ये १० पिना बसतात. वरचे २ बिट रिकामे राहतात. ० ते ९ या पिना पहिल्या रजिस्टरमध्ये आणि १० ते १९ दुसऱ्या रजिस्टरमध्ये येतात. १४ मधून १० वजा केले की ४ उरतात, ४ गुणिले ३ म्हणजे १२. म्हणून १४ क्रमांकाच्या पिनचे बिट १२, १३ आणि १४ हे झाले, तर १५ क्रमांकाच्या पिनचे १५, १६ आणि १७. ऑल्ट-० चा संकेत द्विमान पद्धतीत १०० आहे, म्हणजे दशमानात ४. हा ४ बारा घरे सरकवला की हेक्समध्ये ४००० मिळतात आणि पंधरा घरे सरकवला की २००००. दोहोंची बेरीज हेक्स २४०००. लिहिण्यापूर्वी जे सहा बिट पुसायचे आहेत त्यांचा मुखवटा हेक्स ३एफ००० येतो.

आता या संकेतांकडे जरा जवळून पाहा. इनपुटला ०००, आउटपुटला ००१, ऑल्ट-० ला १००, ऑल्ट-१ ला १०१, ऑल्ट-२ ला ११०, ऑल्ट-३ ला १११, ऑल्ट-४ ला ०११ आणि ऑल्ट-५ ला ०१०. पर्यायी कामाचा क्रमांक आणि रजिस्टरमधला आकडा यांचा मेळ बसत नाही. ऑल्ट-५ हवे म्हणून कोणी ५ लिहिले तर प्रत्यक्षात ऑल्ट-१ लागू होते, आणि ऑल्ट-० हवे म्हणून ० लिहिले तर पिन इनपुट होऊन गप्प बसते. या चिपच्या डिव्हाइस ट्रीमध्येही (बोर्डावर काय कुठे आहे, हे कर्नलला सांगणाऱ्या वर्णनातही) हेच रजिस्टरचे आकडे वापरले जातात, त्यामुळे ही चूक तिथेही तशीच्या तशी शिरते आणि कर्नल ती मुकाट्याने मान्य करतो, कारण ५ हाही एक वैध आकडा आहे.

एका रजिस्टरमध्ये १० पिना राहतात, यावरून आणखी एक नियम निघतो. रजिस्टर वाचायचे, आपलेच बिट बदलायचे आणि परत लिहायचे, आणि या तिन्ही क्रिया कुलूप लावून एकसंध करायच्या. अन्यथा दोन ड्रायव्हरांनी एकाच क्षणी आपापल्या पिना बदलल्या तर एकाचा बदल दुसऱ्याच्या लिहिण्याखाली पुसला जातो. लिनक्समधल्या या चिपच्या ड्रायव्हरने याहून पुढची काळजी घेतली आहे. पिन एका कामावरून थेट दुसऱ्या कामावर नेण्याऐवजी तो तिला आधी इनपुट करतो आणि मगच नवे काम देतो, त्यामुळे मधल्या क्षणी नको असलेल्या तिसऱ्याच उपकरणाचा सिग्नल बाहेर पडत नाही. यूएआरटीच्या तारेवर ही दक्षता फार मोलाची आहे. स्वस्थ असताना ती तार उच्च पातळीवर असते आणि खाली जाणे म्हणजे नव्या अक्षराची सुरुवात. सेकंदाला ११५२०० बिट या वेगाला एक बिट सुमारे ८.७ मायक्रोसेकंदांचा असतो, तेव्हा त्याच्या निम्म्याहून अधिक काळ तार खाली राहिली तर समोरच्या रिसीव्हरला ते अक्षरच वाटते आणि संवादाची सुरुवात एका निरर्थक बाइटने होते.

तिसरी पायरी: वर्णन डिव्हाइस ट्रीमध्ये

गणित समजले की साहजिकच वाटते, हे दोन आकडे आपल्या ड्रायव्हरच्या प्रोब फंक्शनमध्येच (उपकरण सुरू करताना कर्नल जे बोलावतो त्यात) लिहून टाकावेत. तो मोह टाळावा. यूएआरटीचा ड्रायव्हर अनेक बोर्डांवर चालायचा असतो आणि पिनांची मांडणी मात्र बोर्डागणिक बदलते. ज्या गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी बदलतात त्या एका फाइलमध्ये राहू नयेत. पूर्वी प्रत्येक एआरएम चिपकुटुंबाचा पिनांचा कोड त्याच्या त्याच्या पद्धतीने वेगळा लिहिलेला असे. लिनस वॉलेई यांनी लिहिलेली पिनकंट्रोल ही समाईक व्यवस्था जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या ३.२ या कर्नलपासून उपलब्ध झाली आणि हा विखुरलेला कोड हळूहळू एका छताखाली आला.

या व्यवस्थेत वर्णनाचे दोन भाग असतात. पहिला भाग पिन कंट्रोलरच्या, म्हणजे पिनांची कामे निवडणाऱ्या विभागाच्या, नोडखाली (डिव्हाइस ट्रीमधल्या त्याच्या नोंदीखाली) लिहायचा. आपल्या उदाहरणात तिथे यूएआरटीच्या पिनांसाठी एक उपनोड करावा, त्यात "बीआरसीएम,पिन्स" या प्रॉपर्टीत १४ आणि १५ हे क्रमांक द्यावेत, "बीआरसीएम,फंक्शन" मध्ये ऑल्ट-० साठी ४ लिहावा आणि "बीआरसीएम,पुल" मध्ये अनुक्रमे ० आणि २ लिहावेत. इथे ० म्हणजे पुल नाही, १ म्हणजे पुल-डाउन आणि २ म्हणजे पुल-अप. ट्रान्समिटची पातळी चिप स्वतःच राखते म्हणून तिला पुल लागत नाही, पण रिसीव्हला तो द्यावा, कारण समोरची केबल काढलेली असताना मोकळी पडलेली पिन आसपासचा विद्युत गोंगाट उचलते आणि ड्रायव्हरला नसलेली अक्षरे ऐकू येऊ लागतात.

दुसरा भाग यूएआरटीच्या स्वतःच्या नोडमध्ये येतो. तिथे "पिनकंट्रोल-नेम्स" मध्ये "डिफॉल्ट" हे अवस्थेचे नाव आणि "पिनकंट्रोल-०" मध्ये वरच्या उपनोडचा संदर्भ द्यायचा. नावांची यादी आणि क्रमांकांच्या प्रॉपर्टी यांची जोडी स्थानावरून लागते: यादीतले पहिले नाव शून्य क्रमांकाच्या प्रॉपर्टीचे, दुसरे नाव एक क्रमांकाच्या प्रॉपर्टीचे. "पिनकंट्रोल-०" लिहिले आणि नावांची ओळ राहून गेली, तर "डिफॉल्ट" या नावाची अवस्था कर्नलला सापडत नाही आणि तो पिनांना हात न लावता पुढे जातो. यातही चूक दाखवणारा संदेश नसतो.

इतर बऱ्याच चिपांच्या बाइंडिंगमध्ये "बायस-पुल-अप", "बायस-डिसेबल", "ड्राइव्ह-ओपन-ड्रेन", "ड्राइव्ह-स्ट्रेंग्थ" अशी समाईक नावे वापरतात, आणि नव्या ड्रायव्हरने तीच वापरावीत. ड्राइव्ह-स्ट्रेंग्थचा आकडा मिलिअँपिअरमध्ये लिहायचा असतो.

चौथी पायरी: ड्रायव्हरने काय करायचे, काय नाही

यूएआरटीसारख्या साध्या उपकरणाच्या ड्रायव्हरला पिनांसाठी एकही ओळ लिहावी लागत नाही, हे ऐकून नवशिक्यांना आश्चर्य वाटते. प्रोब फंक्शन बोलावण्याआधी ड्रायव्हर कोअर स्वतःच त्या उपकरणाची "डिफॉल्ट" अवस्था शोधतो आणि लागू करतो. पिन कंट्रोलरचा ड्रायव्हर अजून उभा राहिला नसेल तर प्रोब पुढे ढकलले जाते; लॉगमध्ये उणे ५१७ हा आकडा दिसला तर त्याचा अर्थ एवढाच आणि त्याने घाबरून जाऊ नये. तो कायमच राहिला तर मात्र पिन कंट्रोलरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये घेतला आहे का, हे पाहावे.

काही उपकरणांना प्रोब होईपर्यंत पिना सुरक्षित स्थितीत हव्या असतात. उदाहरणार्थ, आतला भाग तयार होण्यापूर्वीच मोटरच्या तारेवर सिग्नल गेला तर चालत नाही. त्यांच्यासाठी "इनिट" नावाची अवस्था द्यावी. ती असेल तर कोअर प्रोबच्या आधी ती लागू करतो आणि प्रोब यशस्वी झाल्यावर "डिफॉल्ट" कडे वळतो, अर्थात मधल्या काळात ड्रायव्हरने स्वतः अवस्था बदललेली नसेल तर. "स्लीप" ही अवस्था मात्र आपोआप लागत नाही. सस्पेंड आणि रिझ्यूमच्या फंक्शनांत ड्रायव्हरला ती मागावी लागते आणि जागे झाल्यावर "डिफॉल्ट" परत मागावी लागते.

चालू असताना पिनांची कामे खरोखर बदलावी लागतात असे एक चांगले उदाहरण आयटूसी बसचे (डेटा आणि क्लॉक या दोन तारांवर चिपा जोडणाऱ्या बसचे) आहे. समोरची चिप डेटा पाठवत असतानाच मालक, म्हणजे बस चालवणारा कंट्रोलर, रीसेट झाला तर ती चिप डेटाची तार खाली धरून बसते आणि बस अडकते. तिला सोडवण्यासाठी क्लॉकच्या तारेवर ९ ठोके द्यायचे असतात, पण अनेक आयटूसी कंट्रोलरांना नुसते ठोके देता येत नाहीत. म्हणून त्या दोन पिना थोड्या वेळापुरत्या साध्या जीपीआयओ करायच्या, हाताने ठोके द्यायचे आणि परत आयटूसीकडे सोपवायच्या. ड्रायव्हरमध्ये यासाठी तीन पावले येतात: प्रोबमध्ये पिनकंट्रोलचा हँडल मिळवणे, नावावरून अवस्था शोधून ठेवणे आणि वेळ येईल तेव्हा ती निवडणे. पहिली दोन कामे प्रोबमध्येच उरकावीत. तिसरे काम इंटरप्ट हँडलरमधून करता येईल असे गृहीत धरू नये, कारण काही पिन कंट्रोलर स्वतःच एखाद्या संथ बसच्या पलीकडे असतात आणि त्यांना लिहिताना थांबावे लागते.

पाचवी पायरी: विद्युत वर्तन

पुल-अपबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडे थांबायला हवे. आयटूसीच्या पिनांना चिपमधला पुल-अप लावला की बाहेरचा रेझिस्टर लागत नाही, असे पुष्कळांना वाटते. आयटूसीमध्ये कोणतेच उपकरण तार वर ढकलत नाही, फक्त खाली ओढते. वर नेण्याचे काम पुल-अपचे. तार खालून वर जायला लागणारा वेळ हा रेझिस्टर आणि तारेची कपॅसिटन्स यांच्या गुणाकाराला ०.८४७३ ने गुणून मिळतो. चिपमधला पुल-अप ५० किलोओहमच्या आसपासचा धरला आणि तारेवर १०० पिकोफॅरड असतील तर हा वेळ सुमारे ४.२ मायक्रोसेकंद येतो. १०० किलोहर्ट्झच्या साध्या वेगालाही मर्यादा १ मायक्रोसेकंदाची आहे. म्हणजे मर्यादेच्या चौपटीहून जास्त. रास्पबेरी पायवर २ आणि ३ या पिनांना १.८ किलोओहमचे रेझिस्टर बोर्डावरच बसवलेले आहेत. त्यांनी हाच वेळ ०.१५ मायक्रोसेकंदांवर येतो आणि ४०० किलोहर्ट्झची ३०० नॅनोसेकंदांची मर्यादाही आरामात पाळली जाते. छोट्या तारेवर, एकाच उपकरणासह, आतल्या पुल-अपवर बस कशीबशी चालते आणि म्हणूनच हा गैरसमज टिकून आहे. दुसरे उपकरण जोडल्यावर ती अधूनमधून चुकू लागते आणि दोष ड्रायव्हरच्या माथी येतो.

बीसीएम२८३५ मध्ये पुल लावण्याची रीतही वेगळी आहे. आधी कोणता पुल हवा ते एका रजिस्टरमध्ये लिहायचे, १५० चक्रे थांबायचे, मग ज्या पिनांना तो लावायचा त्यांच्या क्लॉक रजिस्टरमध्ये बिट लिहायचे, पुन्हा १५० चक्रे थांबायचे आणि शेवटी दोन्ही रजिस्टरे मोकळी करायची. ही चक्रे कोणत्या घड्याळाची, हे माहितीपुस्तिका सांगत नाही. लिनक्सचा ड्रायव्हर १ मेगाहर्ट्झचे घड्याळ धरून चालतो. त्या हिशेबाने १५० चक्रे म्हणजे १५० मायक्रोसेकंद, आणि ड्रायव्हर तेवढाच वेळ थांबतो. नवा ड्रायव्हर लिहिताना असा हिशेब कोडशेजारी टिपणीत लिहून ठेवावा, पुढच्या वाचणाऱ्याचा दिवस वाचतो. या चिपवर लावलेला पुल परत वाचता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तो मल्टिमीटरनेच तपासावा लागतो. शिवाय या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टचे उपकरण थेट जोडले तर कोणतीही सॉफ्टवेअरची सेटिंग चिपला वाचवू शकत नाही.

सहावी पायरी: पिनांना विचारणे

कर्नलमध्ये डीबग-एफएस (कर्नलची आतली माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी सोय) चालू असेल तर सिस, कर्नल, डीबग या फोल्डरांच्या आत पिनकंट्रोल नावाचे फोल्डर मिळते आणि त्यात प्रत्येक पिन कंट्रोलरचे स्वतंत्र फोल्डर असते. त्यातली "पिनमक्स-पिन्स" ही फाइल सर्वांत आधी उघडावी. कोणती पिन कोणत्या उपकरणाने घेतली आहे आणि तिला कोणते काम दिले आहे, हे तिथे ओळीओळीने दिसते. १४ आणि १५ समोर आपल्या यूएआरटीचे नाव नसेल तर डिव्हाइस ट्रीचा संदर्भ पोहोचलेलाच नाही, आणि मग ड्रायव्हरचा कोड वाचत बसण्यात अर्थ नाही. नाव आहे पण काम इनपुट दिसते, तर वर सांगितलेली आकड्यांची गफलत झाली आहे. वरच्या फोल्डरमधली "पिनकंट्रोल-मॅप्स" ही फाइल डिव्हाइस ट्रीमधून कर्नलला काय समजले, ते सांगते.

दोन उपकरणांनी एकच पिन मागितली तर मात्र कर्नल बोलतो. ही पिन अमुकाने आधीच घेतली आहे आणि तमुकाला देता येत नाही, असा संदेश लॉगमध्ये येतो आणि दुसऱ्याचे प्रोब उणे २२ घेऊन परतते. हा संदेश आला की दोन्ही नावे नीट वाचावीत. पुष्कळदा खरा अपराधी पहिला असतो, म्हणजे ज्याची गरज नव्हती पण डिव्हाइस ट्रीमध्ये ज्याचा "स्टेटस" चालू राहून गेला असे उपकरण.

यानंतर रजिस्टर प्रत्यक्ष वाचावे. दुसऱ्या निवड-रजिस्टरमधून मुखवट्याखालचे सहा बिट काढले की हेक्स २४००० मिळाले पाहिजेत. इथे एका सापळ्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे, कारण त्यात मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत. माझ्या एका बोर्डावर सिरीयल कन्सोल उत्तम चालत होता आणि नव्या बूटलोडरनंतर (कर्नलच्या आधी चालून त्याला सुरू करणाऱ्या प्रोग्रामनंतर) अचानक बंद पडला. मी बूटलोडरमध्ये दोष शोधत राहिलो. वास्तविक माझ्या डिव्हाइस ट्रीमध्ये त्या पिनांची नोंदच नव्हती. जुना बूटलोडर स्वतःच्या संदेशांसाठी त्या पिना यूएआरटीला देत असे आणि कर्नल त्याच स्थितीवर चालत असे. नव्या बूटलोडरने ते करणे थांबवले आणि माझी उणीव उघडी पडली. तेव्हापासून मी नव्या बोर्डावर एक चाचणी आवर्जून करतो: बूटलोडरमधून त्या पिना मुद्दाम इनपुट करतो आणि मग कर्नल सुरू करतो. त्यानंतरही उपकरण चालले तरच वर्णन पुरे आहे, असे मानतो.

स्वतः पिन कंट्रोलरचा ड्रायव्हर लिहायचा असेल तर

नव्या चिपसाठी हा ड्रायव्हर लिहिणे हे वेगळे आणि मोठे काम आहे, पण त्याचा सांगाडा समजून घेण्यासारखा आहे. सर्व पिनांची क्रमांक आणि नावांसह यादी द्यायची, कोणत्या पिना मिळून एक गट होतात ते सांगणारी फंक्शने द्यायची, कोणते काम कोणत्या गटांवर मिळते ते सांगायचे आणि निवड प्रत्यक्ष रजिस्टरमध्ये उतरवणारे "सेट-मक्स" लिहायचे. विद्युत वर्तनासाठी त्याच्या जोडीला वाचणारे आणि लिहिणारे फंक्शन येते. बीसीएम२८३५ च्या ड्रायव्हरमध्ये प्रत्येक पिन हाच एक गट आहे, म्हणून तो वाचायला सोपा. पिनमक्सच्या रचनेत "स्ट्रिक्ट" नावाचा एक ध्वज आहे. तो लावला तर एखाद्या उपकरणाने घेतलेली पिन दुसऱ्या कोणाला त्याच वेळी जीपीआयओ म्हणून घेता येत नाही. चिपच्या घडणीला चालत असेल तर नव्या ड्रायव्हरमध्ये तो लावावा, असे माझे मत आहे. वापरणाऱ्याने चुकून पिन हिसकावली तर निदान नकार तरी मिळतो.

झेफिर ही छोट्या चिपांसाठीची कार्यप्रणाली वापरणाऱ्यांना बरेचसे ओळखीचे वाटेल. तिथेही डिव्हाइस ट्रीमध्ये "डिफॉल्ट" आणि "स्लीप" याच नावांनी अवस्था लिहितात, पण एक महत्त्वाचा फरक आहे: तिथे अवस्था आपोआप लागू होत नाही. ड्रायव्हरच्या इनिट फंक्शनने "पिनकंट्रोल-अप्लाय-स्टेट" स्वतः बोलवावे लागते आणि त्याचे परतीचे मूल्य तपासावे लागते. लिनक्सवरून तिकडे गेलेला माणूस हमखास ही ओळ विसरतो.

शेवटची चाचणी तारेने करावी. समोरचे उपकरण काढून कनेक्टरच्या आठव्या आणि दहाव्या जागा एका तारेने जोडाव्यात आणि पीएल०११ च्या पोर्टवर अक्षरे लिहून तीच परत येतात का ते पाहावे. परत आली तर दोन्ही पिना याच यूएआरटीला जोडल्या आहेत. त्यानंतर तार काढावी आणि पुन्हा लिहावे. आता काहीच परत येता कामा नये. तरीही अक्षरे येत असतील तर आतला लूपबॅक (पाठवलेले चिपच्या आतूनच परत देणारी सोय) चालू राहिला आहे किंवा रिसीव्ह दुसरीकडूनच येत आहे. तार पुन्हा लावून बोर्ड एकदा सस्पेंड करून जागा करावा आणि हीच चाचणी परत घ्यावी, कारण "स्लीप" मधून "डिफॉल्ट" कडे परतण्याची विसरलेली ओळ फक्त याच वेळी सापडते.